पाच माणसं, दोन तिकिटं

मे महिन्यात पुण्याहून चिपळूणला एसटीने सहकुटुंब निघायचं, तर सवलती तोंडपाठ हव्यात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत, म्हणून सासूबाई फुकट. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, म्हणून सौभाग्यवती अर्ध्या. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, म्हणून चिरंजीवही अर्धे. कन्या चार वर्षांची, म्हणजे तीही फुकट. पाच माणसांची बेरीज दोन तिकिटं! अख्ख्या कुटुंबात पूर्ण माणूस मी एकटाच. साहजिकच सामानही पूर्ण माझ्याच वाट्याला.

सामान म्हणजे दोन बॅगा, तीन पिशव्या, एक प्लास्टिकची बॅट आणि ‘वाटेत लागेल’ म्हणून सासूबाईंनी भरलेला, कोणत्याही पिशवीत न मावणारा डबा. स्वारगेटला गाडी फलाटावर लागते न लागते तोच झुंबड उडाली. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली जुनी रीत. पण माझा रुमाल खिशात आणि दोन्ही हातांत बॅगा. शेवटी सौभाग्यवतींनी चिरंजीवांनाच खिडकीतून आत सोडलं. त्यांनी बाकावर आडवं पडून एकट्याने तीन जागा धरल्या. अर्ध्या तिकिटाचं याहून चीज काय व्हायचं?

“छोटीचं वय काय, ताई?” कंडक्टरने विचारलं.

“चार.”

“नाही! मी सहा वर्षांची आहे,” कन्या गरजली, “मला पण तिकीट पाहिजे!”

दादाला तिकीट आणि आपल्याला नाही, हा अन्याय तिला सहन होईना. कंडक्टर दोन लेकरांचा बाप असावा. त्याने मशीनमधून कोऱ्या कागदाचा तुकडा फाडून तिच्या हाती दिला. तो तिने साताऱ्यापर्यंत अर्धा खाल्ला.

कोयनानगर मागे पडलं, कुंभार्ली घाटाची वळणं सुरू झाली आणि चिरंजीवांचा चेहरा उतरला. लगेच पुढून लिंबू आलं, मागून आलेपाक, बाजूने आवळासुपारी. खिडकी मिळाली, पिशवीही मिळाली. सासूबाईंनी त्याच मुहूर्तावर डबा उघडला. आत लसणाची चटणी होती. पुढचं सांगत नाही.

परतीला आंब्याची पेटी आणि मामांनी प्रेमाने दिलेला फणस वाढला. फणसाला कुणी मांडीवर घेत नाही, तो खिडकीतून आत जात नाही आणि जागाही धरत नाही. तेव्हा वाचकहो, एसटीने लेकरं खुशाल न्या, त्यांना बसभर मामा-मावशा भेटतात. फणस मात्र मामांकडेच खाऊन या.