गिअरबॉक्सचा कूलर काढून टाकणाऱ्या गॅरेजमालकांस

मालक,

हे पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण दुकानात येऊन बोललो तेव्हा तुम्ही चहा मागवलात आणि विषय बदललात. आज चहा नाही, त्यामुळे विषय सुटणार नाही.

माझ्या शेजाऱ्यांचा ऑटोमॅटिक पिकअप तुम्ही सजवून दिलात. मागे ट्रॉली ओढायला हुक, पुढे जाडजूड बुलबार, त्यावर चार मोठाले दिवे. जे बसवलंत त्याची पै न् पै बिलात आहे. जे काढलंत त्याचा उल्लेख नाही. बुलबारची ब्रॅकेटं बसेनात, म्हणून जाळीमागचा गिअरबॉक्सचा ऑइल कूलर तुम्ही उतरवलात आणि त्याच्याकडे जाणाऱ्या नळ्यांची दोन टोकं रबरी पाइपचा तुकडा घालून एकमेकांना जोडून टाकलीत. शेजाऱ्यांच्या मुलाने विचारलं तेव्हा तुमचं उत्तर होतं, "तो एक्स्ट्रा असतो. रेडिएटर आहे ना."

एक्स्ट्रा! रेडिएटरच्या टाकीत गिअरबॉक्सच्या तेलाची नळी असते, हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणजे अर्धं ज्ञान आहेच. उरलेलं अर्धं असं, की त्या टाकीतलं पाणी स्वतःच ८५-९० अंशांवर असतं. तेल त्याहून थंड होणार कसं? म्हणून ओझं ओढणाऱ्या गाडीत तेल आधी रेडिएटरमधून आणि मग पुढच्या हवेच्या कूलरमधून फिरून गिअरबॉक्सकडे परततं. तुम्ही दुसरा टप्पाच कापलात.

मी मूळचा साताऱ्याचा. नोकरी इथे लखनौत मानकनगरला, आरडीएसओत केली. ही रेल्वेची संशोधन संस्था १९५७ पासून आहे. डिझेल-हायड्रॉलिक शंटरच्या टॉर्क कन्व्हर्टरच्या तेलाचं तापमान हा आमच्या रोजच्या बोलण्यातला विषय. रेल्वेतले इंजिनिअर मनमोहन सुरी यांनी ट्रान्समिशनची नवी रचना काढली, तिला सुरी ट्रान्समिशन म्हणतात, आणि १९६२ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. त्या रचनेचं मर्म एका वाक्यात सांगता येतं: गाडी उठवताना जोर कन्व्हर्टरने द्यायचा आणि वेग आला की त्याला बाजूला सारून यांत्रिक जोडणीवर धावायचं, कारण कन्व्हर्टर जितका वेळ घसरतो तितका वेळ इंजिनाची शक्ती तेल तापवण्यात जाते. आजच्या पिकअपमधला लॉक-अप क्लच हेच काम करतो. इतक्या हुशार माणसांनी जी उष्णता टाळण्यासाठी डोकं झिजवलं, ती तुम्ही एका पान्याने गिअरबॉक्सच्या पोटात कोंडलीत.

आकड्यांत सांगतो. ट्रॉली ओढताना इंजिन कन्व्हर्टरला ६० किलोवॉट देत असेल आणि कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर १२ किलोवॉट उष्णता थेट तेलात जाते. चाकं अडकून जागची हलत नसतील आणि वर पाय दाबलेला असेल, तर सगळीच्या सगळी शक्ती तेलात. दर रविवारी तुम्ही नव्या गिऱ्हाइकांना घाघरेच्या वाळूत नेता, गाडी रुतली की "रेस दे, और दे" म्हणून ओरडता आणि त्याचे व्हिडिओ काढता. त्या वेळी गाडी फोर-लोमध्ये घालायला सांगितली असती, तर कन्व्हर्टरवरचा ताण कितीतरी कमी झाला असता. ते तुम्ही एकदाही सांगत नाही. फोर-लो टाकल्यावर धुरळा कमी उडतो, हे कारण असेल तर तसं कबूल करा.

आता जूनकडे या. मलिहाबादचा दशहरी आंबा उतरतो तेव्हा लखनौचा पारा ४४ अंशांवर असतो. कूलर चालतो तो तेल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. जानेवारीत हवा १० अंशांवर आणि तेल ९० वर असेल तर फरक ८० चा. जूनमध्ये तोच ४६ चा. म्हणजे ज्या महिन्यात शेजाऱ्यांना ट्रॉली भरून बाजार गाठायचा असतो, त्याच महिन्यात धडधाकट कूलरही जेमतेम निम्मं काम करतो. तुम्ही तो निम्माही ठेवला नाहीत. वर उरलेल्या रेडिएटरच्या तोंडासमोर चार दिवे टांगलेत.

शेजाऱ्यांच्या आंब्याच्या बागेपासून दुबग्गा मंडीपर्यंतचा रस्ता सपाट आहे, लांबही नाही. पण हरदोई रोडवर पहाटेपासून आंब्याच्या गाड्यांची रांग लागते. वीस पावलं पुढे, ब्रेक, पुन्हा वीस पावलं. या वेगात लॉक-अप लागत नाही आणि जाळीतून वाराही येत नाही. त्याच रांगेत शेजाऱ्यांच्या गाडीला जळकट वास आला, गिअर घसरू लागला, मुलाने घाबरून आणखी दाबलं. त्याला दोष देऊ नका. वास आला की बाजूला घे, डीवरून एनवर टाक, इंजिन बंद न करता हजार-बाराशे आरपीएमवर ठेव म्हणजे पंप तेल फिरवत राहील, हे त्याला सांगायचं काम हुक विकणाऱ्याचं होतं. ट्रॉली मागे असताना मॅन्युअल मोडवर एक गिअर खाली ठेवायचा, म्हणजे वरच्या दोन गिअरांत सारखी अदलाबदल होत नाही, हेही तुमचंच काम.

तेल काढलं तेव्हा ते लाल नव्हतं. काळपट तपकिरी होतं आणि त्यात क्लचप्लेटांचा चुरा होता. सील कडक झालेले. तेल १२० अंशांपलीकडे गेलं की हेच होतं, आणि दर १० अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं हा या धंद्यातला जुना अडाखा आहे. तरी तुमचं पालुपद एकच: "ऑटोमॅटिकचं तेल लाइफटाइम असतं." कुणाचं लाइफटाइम, मालक? तेल संपतं तेव्हा गिअरबॉक्सचंही संपतं, एवढाच त्याचा अर्थ उरतो. शेजाऱ्यांनी गिअरबॉक्सचा खर्च सोसला आणि उन्हात उभ्या ट्रॉलीतला आंबाही गेला. वर्षाची कमाई आहे ती त्यांची.

बुलबारबद्दल तर तुम्हाला परवानगीची भाषा करायलाही जागा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं आहे, की असे बार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा भंग करतात. ते पायी चालणाऱ्याच्याही जिवावर उठतात.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. तुमचं घर विट्याकडचं. तुमचे वडील लखनौच्या चौकात गलाईचं, म्हणजे सोनं गाळण्याचं काम करत. मुशीतलं सोनं किती तापलं आहे हे त्यांना नजरेने कळायचं आणि एक क्षण ते दुर्लक्ष करत नसत. ताप म्हणजे काय हे ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ओळखलं गेलं, त्या घरातल्या माणसाने गिअरबॉक्सच्या तेलाला साधा तापमापकही लावू नये, याचा मला राग येतो.

तेव्हा आता ऐका. उतरवलेला कूलर तुमच्या मागच्या खोलीत टायरांच्या ढिगाशेजारी पडला आहे, मी पाहिला. तो धुऊन परत बसवा, गरम तेलाला चालणारा पाइप वापरून, रेडिएटरनंतरच्या जागी. बार आणि दिवे उतरवा. डॅशबोर्डवर तेलाच्या तापमानाचा काटा बसवा. मजुरी घेऊ नका. आणि तुमच्या वहीतून अशा बायपास केलेल्या बाकी गाड्या शोधून काढा, त्यांच्या मालकांना या आठवड्यात फोन करा. मंडीचा हंगाम अजून सुरू आहे, ट्रॉल्या रोज भरल्या जात आहेत.

मानकनगरचा एक निवृत्त इंजिनिअर