शंभर टंची शेठ

जत्रेच्या दिवसांत खानापूर किंवा आटपाडी तालुक्यातल्या कुठल्याही गावात शिरा. देवळाच्या अंगाला तमिळनाडू, केरळ, बंगाल, आसाम अशा नंबरांच्या गाड्या ओळीनं उभ्या दिसतील. पर्यटक आले असावेत अशी शंका घेऊ नका. आमच्याकडे पर्यटक चुकूनच येतो, आणि चुकला असेल तर पंढरपूरचा रस्ता विचारतो. गाड्या गावकऱ्यांच्याच आहेत. गाडीतून पांढरी पँट, हातात जाड कडं आणि डोळ्यांवर गॉगल असा जो माणूस उतरून पहिल्यांदा चप्पल काढून वेशीला हात लावतो, तो गलाईवाला.

जुनं सोनं-चांदी गाळून चोख करून देणं हा त्याचा धंदा. तो करायला घरापासून जितकं लांब जाता येईल तितकं तो गेलेला असतो. सांगली जिल्ह्याच्या या पूर्व भागात पाऊस पोचतो तेव्हा सह्याद्रीवर सगळं उधळून आलेला असतो. शेती पिकेना, म्हणून कुणा एका पिढीनं वळकटी बांधली. मग मामानं भाच्याला नेलं, भाच्यानं मेव्हण्याला, मेव्हण्यानं दहावीला गणितात गचकलेल्या चुलतभावाला. तिथं पोरानं आधी चहा आणायचा, मग भट्टी फुंकायची, मग तेजाबानं बोटं पिवळी करून घ्यायची. हात बसला की मामा म्हणणार, "आता तुझं तू बघ," आणि पोरगं पुढच्या गाडीनं पुढच्या गावाला. देश असा भाच्याभाच्यानं व्यापला गेला.

नव्या गावात उतरल्यावर तो लॉज शोधत नाही, सराफ कट्टा शोधतो. सोनारांची दुकानं किती, मागची गल्ली कुठली आणि आपल्याकडचा कुणी आधीच बसलाय का, एवढंच बघायचं. बहुधा कुणी तरी बसलेलाच असतो. दोघं एकमेकांकडं संशयानं बघतात, गाव विचारतात, आणि तिसऱ्या वाक्याला पाहुणे निघतात. मग रात्री मटण. भाषेचा प्रश्न त्याला कधी पडला नाही. तमिळ तो आधी शिव्यांतून शिकला, नंतर हिशेबातून. तिथले लोक त्याला 'सेटू' म्हणतात आणि राजस्थानी समजतात. तो खुलासा करत नाही. राजस्थानी माणसाला उधारी लवकर मिळते.

त्याचं काम मात्र बघण्यासारखं. मोडीतलं सोनं घ्यायचं, त्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळून मुशीत वितळवायचं. सोन्यात हौसेनं चांदी घालणारा हा एकच माणूस असेल जो शेवटी ती परतही काढतो. मग तो गोळा पातळ करून शोऱ्याच्या तेजाबात उकळायचा. तांबडा-पिवळा धूर उठतो, शेजारीपाजारी खोकतात, घरमालक भाडं वाढवतो. चांदी आणि तांबं तेजाबात विरघळून जातं आणि तळाला तपकिरीसारखी भुकटी उरते. नवख्याला वाटावं, सोनं जळालं. शेठ शांतपणे ती धुतो, टाकणखार घालून पुन्हा आगीवर धरतो आणि हजारभर अंशांच्या पुढं गेल्यावर मुशीत पिवळाधमक डोळा उघडतो. उरलेल्या तेजाबात तांब्याची पट्टी सोडली की चांदीही निमूट तळाला बसते. काही म्हणजे काही वाया जात नाही. सोनाराच्या दुकानातली झाडलेली धूळ, बसायचं जुनं पोतं, कारागीर हात धुतात ते पाणीसुद्धा तो पैसे मोजून विकत घेतो आणि त्यातून सोनं काढतो. या सवयीमुळं घरी केर भरायला वहिनींना फार त्रास होतो. सुपलीतला केर तो एकदा उजेडात धरून बघतोच.

कमरेला लगडी बांधून रात्रीच्या बसनं परक्या मुलखात प्रवास करणं याला तो साहस मानत नाही. तो त्याचा सोमवार. साहस म्हणून तो जे सांगतो ते वेगळंच असतं. तिरुपतीच्या गर्दीत हरवलेली चप्पल, पुरात अडकलेली गाडी, आणि एकदा अंधारात आडवे आलेले दरोडेखोर. दरोडेखोर मी लहानपणी ऐकले तेव्हा दोन होते. अलीकडे ते अर्धा डझन झालेत आणि त्यांच्याकडं घोडे आलेत. वहिनी तिथंच बसून पोळ्या लाटत असतात. त्या तमिळमध्ये शेजारणीला फोनवर काही तरी सांगतात आणि दोघी हसतात. शेठला तमिळ धंद्यापुरतंच येतं.

असा हा माणूस. कसाच्या दगडावर दागिना घासून सत्तर की बहात्तर टंच ते नुसत्या नजरेनं सांगणारा, रतीभर फसणार नाही असा. पण गावची वेस ओलांडली की त्याचा तराजू बिघडतो. सगळं गाव त्याची वाट बघत असतं, आणि गाव काही झाडलेली धूळ सोडणारं नसतं. जत्रेची पावती, मंदिराचा कळस, कुस्त्यांचं शेवटचं बक्षीस, शाळेची कमान. "शेठ, तुमच्याशिवाय कोण हाय वो आमाला?" एवढ्या वाक्यावर तो पाकीट काढतो. हे वाक्य शंभर नंबरी आहे का, हे घासून बघायचं त्याला सुचत नाही.

त्यानं बंगला बांधलाय. दोन मजले, संगमरवरी फरशी, जिन्याला स्टीलचा कठडा. वर्षाचे अकरा महिने कुलूप. किल्ली चुलतीकडं; ती संगमरवरावर कुरडया वाळवते. त्यानं द्राक्षं लावली, तेव्हा अवकाळी आला. डाळिंब लावलं, तेल्या आला. टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी तालुक्यात आलं तेव्हा त्यानं सगळ्या भावकीला जेवण घातलं; पाणी आधी भावकीच्या रानात गेलं. बैलगाडा शर्यतींवर २०१४ पासून असलेली बंदी २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं उठवली, आणि पुढच्याच खेपेला शेठनं खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंड घेतला. दात बघितले नाहीत, विकणाऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी बघितलं. खोंड देखणा आहे. पळत नाही. शर्यतीच्या दिवशी त्याला नुसता गुलाल लावून मिरवतात आणि मागून शेठ चालतो.

धंद्याचे दिवस आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्यानं आली, टंच सांगणारी मशीन आली. काच उघडायची, दागिना ठेवायचा, आकडा वाचायचा. थोरला मुलगा बंगळुरूला कॉम्प्युटरमध्ये आहे. त्याचं तमिळ फर्डं, इंग्रजी बरं, मराठी आजीपुरतं. मुलगी मात्र तालुक्यातलीच पाहिजे, असं शेठनं चार मध्यस्थांना सांगून ठेवलंय. पोरगं हो म्हणालंय, कारण त्याला 'तालुका' म्हणजे काय ते नीट कळलेलं नाही.

मी एकदा त्याला सरळ विचारलं, "शेठ, तिकडं एक गुंज सोडत नाही, इथं सगळं लुटू देता. कळत नाही का?"

"कळतंय की," तो म्हणाला. "पण तिकडं कोण मला माज्या बापाच्या नावानं हाक मारतंय?"

आणि त्यानं तालमीच्या पोरांना मॅटसाठी आणखी अकरा हजार लिहायला सांगितले. तेव्हा तुमच्या मंडळाचं काही काम अडलं असेल तर पावतीपुस्तक घेऊन पालखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बंगल्यावर या. दुपारी शेठ सेलमला निघतो, आणि तिथं पोचल्यावर फोन केलात तर हिशेब विचारतो.