समाधीभाऊ

वलगावच्या थांब्यावर परतवाड्याहून अमरावतीला जाणारी एस.टी. थांबली आणि खिडकीतून आधी एक पिशवी आत आली, की कंडक्टर न विचारताच म्हणतो, "या समाधीभाऊ, आज कोन?" पिशवीत नारळ, उदबत्तीचा पुडा, काडेपेटी, शेव आणि एक जाड वही. खरं नाव गावानं कधीच सोडून दिलं. निवृत्त झाल्यापासून भाऊंचा एकच उद्योग आहे, मोठ्या माणसांच्या समाध्यांना जाऊन डोकं टेकवणं.

वहीत तीन खाने आहेत. गेले कुठं, ठेवलं कुठं, आपून कवा गेलो. या हिशेबात भाऊंना सगळ्यात सोयीचे वाटतात ते गजानन महाराज. "८ सप्टेंबर १९१०. शेगावातच देह ठेवला, शेगावातच समाधी. एका तिकिटात दोन खाने भरले! संत असावा तं असा." थोरल्या बाजीरावांबद्दल मात्र कुरकुर आहे. पेशवे १७४० साली नर्मदेकाठी रावेरखेडीला वारले आणि समाधीही तिथंच झाली, म्हणजे हिशेब चोख. पण पोचता पोचता भाऊंना एस.टी., जीप आणि पायपीट असं सगळं करावं लागलं. "जितेपनी निजामाले पयवलं, आता मले पयवून रायले!"

गुरुकुंज मोझरीला तर ते दरसाल जातात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला तिथं दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसं एकदम मौन उभी राहतात. भाऊंचं घड्याळ पाच मिनिटं पुढं. एका वर्षी हे आपले आधीच डोळे मिटून उभे. शेजारचा विचारतोय, "सरका ना जरा," आणि हे हूं की चूं करत नाहीत. डोळे उघडले तेव्हा सगळ्यांचं मौन सुरू व्हायचं होतं. मग पुन्हा उभे राहिले. वहीत नोंद आहे, "मोझरी, दोन वेळा."

जिवंत माणसाकडे जायला मात्र त्यांना सवड नसते. त्यांचे साळे अमरावतीच्या दवाखान्यात तीन आठवडे पडून होते. भाऊ फिरकले नाहीत. एका अर्थी बरंच झालं म्हणा. ते भेटायला आलेले दिसले की आजारी माणूस धसक्यानं उठून बसतो.

भाऊंच्या मनातलं खरं शल्य गाडगेबाबांचं. २० डिसेंबर १९५६ ला बाबांनी देह ठेवला तो आमच्या वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, अमरावतीच्या वाटेत. समाधी झाली अमरावतीला, गाडगेनगरात. "धा किलोमीटर, बाप्पा! फक्त धा किलोमीटरनं हुकलं आपलं गाव." हे सांगताना भाऊ अमरावतीच्या दिशेला असं पाहतात, जणू तिकडच्या लोकांनी बांधावरचं झाड तोडून नेलं.

शेंडगावात परटाच्या घरी जन्मलेला डेबूजी झिंगराजी जाणोरकर हा माणूस आयुष्यभर अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि डोक्यावर गाडगं घेऊन फिरला. देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. भाऊ आळंदीला ज्ञानेश्वरांच्या समाधीला गेले तेव्हा उतरले बाबांच्याच धर्मशाळेत. "सोय चांगली हाय," एवढंच म्हणाले. पायावर डोकं ठेवायला वाकणाऱ्याला बाबा काठी दाखवायचे, हे मी एकदा भीत भीत काढलं. भाऊ हळहळले. "आपून तवा मोठे असतो तं खाल्ली असती ना एक काठी! कोनाच्या वहीत हाय थे?"

मागच्या २० डिसेंबरला भाऊंनी मला फोटो काढायला पेढीवर नेलं. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात हार, चेहऱ्यावर शोकसभेचं गांभीर्य. मी मोबाईल नीट धरतो तोच एक म्हातारी खराटा घेऊन झाडत झाडत त्यांच्यापर्यंत आली. सकाळपासून ती आणि शाळेची पाच-सहा पोरं झाडत होती. आधीच्या भक्तांच्या करवंट्या, उदबत्तीचे पुडे, कढी-आलुबोंड्याचे द्रोण, असा ढीग जमला होता.

"भाऊ, पाय उचला."

"मावशी, फोटो चालू हाय."

"चालू द्या ना. पाय उचला."

भाऊंनी डावा पाय उचलला. पायाखालून एक हाराची दोरी निघाली. मग उजवा. त्याखाली शेवेचा कागद. तो कुणाचा, हे पिशवीकडे बघून माझ्या लक्षात आलं, मावशीच्याही आलं. खराटा तिथं दोनदा जास्तीचा फिरला.

फोटो नेमका त्याच वेळी निघाला. भाऊ एका पायावर, नारळ छातीशी, नजर खाली खराट्यावर. मी म्हटलं, दुसरा काढतो. त्यांनी मोबाईल हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"राहू द्या," म्हणाले. "तपश्चर्येले बसल्यावानी दिसते."