समुद्र फुकट पडतो

क्रूझ कंपन्यांची खरी अडचण समुद्र ही आहे. तो फुकट आहे. कठड्याला टेकून तासभर लाटा बघणारा माणूस त्या तासात ना कॉकटेल मागवत, ना मालिश करून घेत, ना कॅसिनोत हरत. एकदा तिकीट काढून झालं की कंपनीच्या लेखी हा इसम मेल्यात जमा. म्हणून जहाजांचे आराखडे काढणाऱ्यांनी गेली पंचवीस वर्षं एकच काम मन लावून केलंय. प्रवाशाचं तोंड आत वळवणं.

सुरुवात १९९९ साली झाली. 'व्हॉयेजर ऑफ द सीज'च्या पोटात रॉयल कॅरिबियनने चक्क बाजारपेठ घातली. दुतर्फा दुकानं, पब, कॉफी, आणि वरच्या काही खोल्यांच्या खिडक्या त्या पेठेकडे. मग २००९मध्ये 'ओअॅसिस ऑफ द सीज' आलं. वरचे मजले मधोमध चिरले, दोन बाजूंना खोल्यांचे इमले उभे केले आणि मध्ये खऱ्या झाडांची बाग लावली. बागेकडच्या बाल्कनीत उभं राहिलं की खाली चौक, समोर दुसऱ्यांच्या बाल्कन्या, आणि पलीकडचा काय खातोय तेही दिसणार. गिरगावातल्या चाळीत हे पागडीवर मिळायचं. त्यातून सुटायला लोकांनी डोंबिवली गाठली. इथे त्याचेच डॉलर मोजतात.

बिनखिडकीच्या खोलीत राहणाऱ्यांनाही वाऱ्यावर सोडलेलं नाही. २०११च्या 'डिस्ने ड्रीम'वर अशा खोलीच्या भिंतीवर गोल खिडकीच्या आकाराचा पडदा बसवला. बाहेरच्या कॅमेऱ्यातला चालू समुद्र त्यात दिसतो आणि अधूनमधून डिस्नेचं एखादं पात्र डोकावून जातं. पोरांना हा समुद्र जास्त आवडला तर त्यांचं काय चुकलं? 'नॉर्वेजियन एपिक'ने (२०१०) एकट्या प्रवाशांसाठी १२८ लहान खोल्या काढल्या. हे मात्र झकास केलं, कारण एरवी एकट्याने गेलात की शेजारच्या रिकाम्या उशीचंही भाडं भरावं लागतं. आणि या खोल्यांना खिडकी आहे बरं का. कॉरिडॉरकडे.

याच 'एपिक'वर कुणा प्रतिभावंताने न्हाणीघर ही कल्पनाच मोडीत काढली. दारातून आत शिरताच एका बाजूला दुधी काचेआड संडास, दुसऱ्या बाजूला शॉवर, आणि बेसिन सरळ झोपायच्या खोलीत. मधुचंद्राला आलेल्या जोडप्याला एकमेकांविषयीची जी माहिती दहा वर्षांत हप्त्याहप्त्याने व्हायची, ती पहिल्याच सकाळी एकरकमी झाली. प्रवाशांनी बोंब ठोकली. पुढच्या, २०१३च्या 'ब्रेकअवे'वर न्हाणीघराला भिंती आणि दार गुपचूप परत मिळालं.

प्रवाशांच्या इच्छा तरी काय भव्यदिव्य असतात? जहाजाला पूर्ण फेरी मारता येईल असा एक डेक. सावलीत खुर्ची, तीही पहाटेच कुणी टॉवेल टाकून न अडवलेली. उशाशी चार्जर लावायला प्लग. आंघोळ करताना अंगाला लगट न करणारा पडदा. आणि ओले कपडे अडकवायला चार खुंट्या. या खुंट्या पुरत नाहीत म्हणून जाणते प्रवासी घरून चुंबकाचे हूक घेऊन निघतात. केबिनच्या भिंती पोलादी, त्यामुळे ते घट्ट चिकटतात. शंभर कोटी डॉलरचं जहाज, आणि खुंटी ज्याची त्याने आणायची.

देता येत नाही असं नाही. 'क्वीन मेरी २'वर (२००४) सातव्या मजल्यावर पूर्ण फेरीचा डेक आहे, हजारो पुस्तकांचं ग्रंथालय आहे, सोबत आणलेल्या कुत्र्यांची राहायची सोयसुद्धा आहे. पण ती बांधली अटलांटिक ओलांडायला. समुद्राशी तिचं काही काम तरी आहे. 'नॉर्वेजियन प्राइमा'नेही (२०२२) फेरीचा डेक दिला, पण वाटेवर जादा पैशांच्या रेस्टॉरंटांची टेबलं मांडून. वर तीन मजली गो-कार्टचा ट्रॅक आहेच. कार्निव्हलच्या 'मार्डी ग्रा'वर तर रोलर कोस्टर. फेरीच मारायचीय ना तुम्हाला? मारा की. तिकीट वेगळं.

आपल्याकडे २०२१पासून मुंबईहून सुटणारी कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' त्यामानाने जुन्या वळणाची. १९९० साली ती फ्रान्समध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून बांधली गेली, तीही तीन-चार दिवसांच्या सफरींसाठीच. बाल्कन्या मोजक्या. त्यामुळे समुद्र बघायला वर डेकवर यावं लागतं, आणि डेकवर डीजे असतो. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या बोटीवर हिशेब नेमका उलटा होता. कमी पैसेवाला उघड्या डेकवर ट्रंकेवर बसून पोटभर समुद्र बघायचा, आणि बरे पैसे मोजणारा तो चुकवायला केबिनमध्ये जायचा.

जानेवारी २०२४मध्ये मायामीहून 'आयकॉन ऑफ द सीज' पहिल्या सफरीवर निघालं. तेव्हाचं जगातलं सगळ्यात मोठं क्रूझ जहाज. वीस मजले, सात तरणतलाव, सहा घसरगुंड्या आणि ठासून भरलं तर ७,६०० प्रवासी. एवढ्या गर्दीत समुद्राचं काय करायचं, हा प्रश्न तिथे अखेर सुटलाय. 'क्राउन्स एज' नावाचा एक खेळ आहे. कमरेला पट्टे बांधून तुम्हाला जहाजाच्या कडेबाहेरच्या फळ्यांवरून चालवतात, आणि मध्येच पायाखालचा आधार काढून पाण्यावर १५४ फूट उंचीवर लोंबकळत ठेवतात. खाली निव्वळ समुद्र. मध्ये दुकान नाही, बाग नाही, पडदा नाही.

त्याचे पैसे माणशी घेतात.