फावल्या वेळेचा सरंजाम

रविवारी जेवणोत्तर घटकाभर खेळावे, एवढीच ज्याची माफक मनीषा, त्या गृहस्थाने गेमिंग कन्सोलच्या खरेदीपूर्वी जी चौकशी आरंभिली, तिच्यापुढे महसुली दप्तराची तपासणीही फिकी पडावी. २०२० च्या मूळ प्लेस्टेशन ५ ची साठवण ८२५ गिगाबाइट, त्याच वर्षीच्या एक्सबॉक्स सिरीज एसची ५१२, आणि २०१७ च्या निन्टेन्डो स्विचची अवघी ३२, ही तफावत त्याला मुखोद्गत. मात्र सिरीज एसला तबकडीची खाचच नाही, सबब जुन्या बाजारातला स्वस्त खेळ तीत घालता येत नाही, ही फावल्या वेळच्या खेळाडूच्या नेमक्या कामाची बाब तेवढी नजरेतून निसटली. एवढे करून खेळायला बसावे, तर यंत्र प्रथम अद्ययावत होण्याची अनुज्ञा मागते. अशांनी मुकाट्याने स्विच घ्यावा: तो पलंगावर पडूनही खेळता येतो, आणि दिवाणखान्यातला टीव्ही घरच्यांच्या मालिकांना मोकळा राहतो.