मोजणीदार

भूमी अभिलेखचा मोजणीदार बांधावर येऊन उभा राहिला की दोन्ही भावांचे चेहरे जसे होतात, तसे हा माणूस आला की आमच्या टेबलावरच्या मंडळींचे होतात. भांडण अजून लागलेलं नसतं, पण आता लागणार याबद्दल कुणाच्या मनात शंका उरत नाही. त्याचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण असा एक जण प्रत्येक टेबलावर असतोच. आम्ही त्याला मोजणीदार म्हणतो आणि तोही ओ देतो. त्याला त्यात थट्टा दिसत नाही, हुद्दा दिसतो.

टेबल म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चं. सिॲटलच्या पूर्वेला बेलव्ह्यूमध्ये कोडिंग करून पोट भरणारी मराठी माणसं पुष्कळ. कुणी एकांकिका बसवतं, कुणी ढोल वाजवतं, आणि आमच्यासारखे थोडे शनिवारी रात्री एका गराजमध्ये हीटर लावून फासे टाकत बसतात. एकानं डीएम व्हायचं, म्हणजे गोष्टही त्यानंच सांगायची आणि निवाडाही त्यानंच करायचा. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि वीस बाजूंच्या फाशावर हवाला ठेवून भुयारात उतरायचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी १९७४ साली हा खेळ काढला, तेव्हा पहिल्या छपाईत अवघ्या हजार प्रती होत्या. मोजणीदाराचं प्रेम मात्र २००३ सालच्या आवृत्तीवर. तिला ३.५ म्हणतात. साडेतीन मुहूर्त आणि साडेतीन शक्तिपीठं मानणाऱ्या घरातल्या माणसाचा जीव साडेतीनवर जडावा, यात मला तरी नवल वाटत नाही. चौथी आवृत्ती २००८ मध्ये आली, पाचवी २०१४ मध्ये. त्याच्या लेखी या अफवा आहेत.

त्याची ओळख एका वाक्यावरून पटते. आपण म्हणावं, “वहिनी, पुरणपोळी झकास झालीय.” लगेच शेजारून आवाज येतो, “कशाच्या तुलनेत?” त्याच्या बायकोनं हे वाक्य लग्नाआधी ऐकलं नसावं.

पण तो कशाची तुलना करतो, ते सांगायला हवं. या खेळातला सरकारमान्य जादूगार सकाळी पोथी उघडून मंत्र पाठ करतो. मंत्र वापरला की डोक्यातून पुसला जातो, तो पुन्हा दुसऱ्या दिवशीच पाठ करायचा. ही कल्पना गायगॅक्सनं जॅक व्हॅन्सच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’वरून घेतली. विझार्ड, क्लेरिक, ड्रुइड ही सगळी याच पंथातली. त्यांच्याबद्दल मोजणीदाराला बोलायचं नसतं. खेळणाऱ्यांनी सगळ्या पेशांच्या ताकदीनुसार सहा पायऱ्या ठरवल्या आहेत, त्यात हे तिघे पहिल्या पायरीवर बसलेले आहेत, आणि तिथला सात-बारा कोरा आहे. त्याचा जीव रमतो तो आडवाटेच्या जादूत. २००४ साली ‘कम्प्लीट आर्केन’ या पुस्तकातून वॉरलॉक आला. तो काहीच पाठ करत नाही, हातातून तोच एक झोत दिवसभर सोडत राहतो. २००५ मध्ये ‘मॅजिक ऑफ इन्कार्नम’ आलं. त्यात आत्म्यांच्या शक्तीची चिलखतं, मुकुट, पादत्राणं करून ती शरीरातल्या चक्रांना बांधायची असतात, आणि चक्रं दहा आहेत. खांदे आणि पावलंसुद्धा त्यात धरलेली. योगवर्गाला जाणाऱ्या माझ्या सासूबाईंना हे सांगितलं, तेव्हा “वरची तीन कुठून आणली?” एवढंच त्या म्हणाल्या. मोजणीदाराला हा प्रश्न गैरलागू वाटला. दहांपैकी किती बांधता येतात आणि कितव्या लेव्हलला, हा त्याचा प्रश्न.

मग २००६ साल. ‘टोम ऑफ मॅजिक’. हे साल उच्चारताना त्याचा आवाज खाली येतो. विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही प्रकाशन कंपनी तेव्हा आमच्या शेजारच्या रेंटनमध्येच होती, त्यामुळे रेंटनवरून गाडी नेताना तो अजूनही जरा गंभीर होतो. या एका पुस्तकात जादूच्या तीन नव्या तऱ्हा होत्या, आणि तिघींचं नशीब तीन वाटांना गेलं.

बाइंडर हा त्याचा लाडका. जगाबाहेर फेकल्या गेलेल्या आत्म्यांशी हा रोज नवा करार करतो. त्या आत्म्यांतली नबेरियस, आमोन, रोनोव्हे अशी नावं सतराव्या शतकातल्या भुतंखेतं वश करण्याच्या एका पोथीतून घेतलेली आहेत. करार नीट जमला तर शक्ती मिळते. कच्चा राहिला तरी शक्ती मिळते, पण दिवसभर त्या आत्म्याचा स्वभाव अंगात येतो. बाइंडर तिसऱ्या पायरीवर. फार दांडगा नाही, बापुडवाणाही नाही, रोज सकाळी काम बघून आत्मा बदलणारा. “नोकरी करावी तर अशी,” असं मोजणीदार म्हणतो, आणि तो हे खेळाबद्दल बोलत नसतो असा मला संशय आहे. दुसरा शॅडोकास्टर, सावल्यांचा जादूगार. त्याच्याकडे इतकं मोजकं भांडवल, की पहिल्या झटापटीनंतर तो कोपऱ्यात उभा. तो लिहिणाऱ्या एरी मार्मेलनंच पुढे अनधिकृत दुरुस्त्या सुचवल्या. मोजणीदार मार्मेलचं नाव आदरानं घेतो. चूक मान्य करणारा लेखक त्याला दुसरा भेटलेला नाही.

तिसरा ट्रूनेमर. इथे मोजणीदार खुर्ची पुढे ओढतो.

कल्पना सुंदर आहे. प्रत्येक वस्तूचं एक खरं नाव असतं, ते अचूक उच्चारलं की त्या वस्तूवर तुमची सत्ता. अर्सुला ल ग्विनच्या ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’त, १९६८ साली, ही कल्पना किती देखण्या रीतीनं आली आहे ते वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. मग रेंटनमध्ये कुणीतरी हिशेब केला. नाव उच्चारायला फासा टाकायचा, आणि बेरीज हवी पंधरा अधिक शत्रूच्या दर्जाची दुप्पट. पहिल्या लेव्हलला पहिल्या दर्जाचा राक्षस, म्हणजे १७ हवेत. विसाव्या लेव्हलला विसाव्या दर्जाचा राक्षस, म्हणजे ५५. दरम्यान तुमचं मूळ कौशल्य घासून घासून ४ वरून २३ वर गेलेलं.

“म्हणजे काय झालं?” मोजणीदार पेपर नॅपकिनवर रेघ मारतो. “अपेक्षा वाढली अडतीसनं. तुम्ही वाढलात एकोणीसनं. शिवाय एखादा उच्चार एकदा जमला की त्या दिवसापुरता तो दोननं आणखी अवघड. अनुभव वाढेल तसा माणूस निकामी होत जातो, असा हा एकमेव पेशा आहे.”

“एकमेव कसा?” आमच्यातला नुकताच मॅनेजर झालेला एक जण पुटपुटला.

पायऱ्या ठरवणाऱ्यांनी ट्रूनेमरला सहावी पायरीसुद्धा दिली नाही. नीट चालतच नाही म्हणून जिन्याबाहेर ठेवला. हे सांगताना मोजणीदाराच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, त्याला दुष्ट म्हणणं अन्यायाचं होईल. दुसऱ्याच्या बेरजेतली चूक सापडलेल्या निर्मळ माणसाचा आनंद असतो तो.

एवढं कळणारा माणूस स्वतः काय खेळतो? तर मंक, म्हणजे हाणामारी करणारा मठवासी. पायरी पाचवी. या मंकला पळण्याचा वेग अफाट आणि ठोशांचा मारा जबरदस्त, पण माराच करायचा तर जागा सोडता येत नाही, त्यामुळे दोन्ही गुण एका वेळी वापरता येत नाहीत. मग मंक का? “मी विझार्ड घेतला तर तुम्हाला काही काम उरणार नाही,” असं तो कनवाळूपणे म्हणतो. हा आमच्यावरचा उपकार आहे आणि तो दर शनिवारी फेडावा लागतो. मंक मेला की दोष मंकचा. मंकनं चुकून एखादा राक्षस लोळवला, तर मोजणीदार भोवताली अशा नजरेनं बघतो की विझार्ड असता तर काय झालं असतं, याची आम्हीच कल्पना करावी.

त्याच्या गणितात चूक काढणं मला जमलेलं नाही, कुणालाच जमलेलं नाही. चूक बाहेर असते. ती आमच्या डीएम बाईंनी दाखवली. बाई सोलापूरच्या, दिवसभर डेटाबेस सांभाळतात आणि रात्री राक्षस. वाद वॉरलॉकचा होता. मोजणीदाराचं म्हणणं, वॉरलॉकचा झोत कधी संपत नाही, विसाव्या लेव्हलला नऊ फाशांचा, जन्मात मिळणाऱ्या सिद्धी फक्त बारा, पण मोजून वापरायची कटकट नाही. म्हणून दिवस जितका लांबेल तितका तो विझार्डला गाठत जातो.

“पुस्तकात दिवसाला चार झटापटी धरल्यात,” तो म्हणाला.

“अरे, आपल्याकडे एकच होते,” बाई म्हणाल्या. “साडेअकराला माझे डोळे मिटतात. मग तुमचे सगळे जादूगार झोपतात आणि सकाळी ताजेतवाने उठतात.”

“हे नियमाला धरून नाही.”

“झोप कधी नियमाला धरून येते का?”

म्हणजे वॉरलॉकची ताकद वॉरलॉकमध्ये नव्हतीच, ती बाईंच्या झोपेत होती. एकाच लढाईत सगळा दारूगोळा ओतायला मिळाला तर विझार्ड राजा. आठ लढाया लागोपाठ आल्या तर तोच विझार्ड पोथी छातीशी धरून वॉरलॉकच्या मागे लपणार. कुठल्या पुस्तकात काय छापलं आहे यापेक्षा गराज ज्यांचं त्या बाईंना सकाळी मुलीला पोहायला न्यायचं आहे की नाही, याला वजन जास्त. मला वाटलं, आता हा गप्प बसेल. पण मोजणीदार असा हार मानत नाही. पुढच्या शनिवारी त्यानं सगळ्यांसाठी कॉफीचा मोठा थर्मास आणला आणि चार झटापटी पुस्तकाप्रमाणे व्हाव्यात अशी विनंती केली. दुसरी संपताना चिवडा संपला. तिसरीत मॅनेजर फासा हातात धरून झोपला, आणि तो घरंगळून आलेला आकडा ग्राह्य धरावा का, यावर बराच वेळ गेला. चौथी झालीच नाही. मोजणीदाराच्या वहीत नोंद आहे: “निकाल अनिर्णित. नमुना अपुरा.”

बाईंची मुलगी, नववीतली, अलीकडे खेळायला बसते. तिनं सगळी पुस्तकं चाळली आणि ट्रूनेमर घेतला. “नावं आवडतात मला,” एवढंच कारण. मोजणीदाराला हे सहन झालं नाही. आठवडाभरात तो तिच्यासाठी छापील कागद घेऊन आला. बुद्धी कुठे वाढवायची, कुठला ताईत घ्यायचा, कुठल्या लेव्हलला काय शिकायचं, विसाव्या लेव्हलपर्यंतची तजवीज.

“काका, आपण दुसऱ्या लेव्हलला आहोत,” ती म्हणाली.

दुसऱ्या लेव्हलला तिची बेरीज १२ आणि समोरच्या राक्षसाला हवेत १९. सात पडले की झालं. आणि आमचा कुठलाही डाव सहाव्या लेव्हलच्या पुढे गेलेला नाही. त्याआधी कुणाची बदली होते, कुणाला बाळ होतं, कुणाचा व्हिसा अडकतो. ट्रूनेमरचा ज्या उतरणीवर कडेलोट होतो, तिथवर आमच्या टेबलावरचं कुणी पोचतच नाही. पोरगी दणादण नावं घेत सुटली. एकदा फाशावर वीस पडले आणि ती खुर्चीवर उभी राहून ओरडली.

“कौशल्याच्या फाशाला वीस पडले म्हणजे आपोआप यश, असं साडेतीनमध्ये नाही,” मोजणीदार म्हणाला.

“पण बेरीज बत्तीस झाली, काका.”

“झाली. तुझं यश आहेच. मी तत्त्व सांगितलं.”

तत्त्वाचा सोक्षमोक्ष लावायचाच होता, तेव्हा त्यानं बाईंना गळ घातली. एकच रात्र पंधराव्या लेव्हलला खेळायचं, म्हणजे ट्रूनेमरचं खरं रूप पोरीला दिसेल. पोरगी लगेच तयार झाली. तिची एकच अट होती. “मग काका, तुम्ही विझार्ड घ्यायचा.”

गराजमध्ये शांतता पसरली. इतकी वर्षं आम्हाला काम उरावं म्हणून ज्यानं मंक होऊन ठोसे खाल्ले, तो अखेर पहिल्या पायरीवर चढणार होता. शनिवारी तो पुस्तकांची बॅग घेऊन आला आणि सकाळचे मंत्र पाठ करायला बसला. पंधराव्या लेव्हलच्या विझार्डला ते डझनांनी निवडावे लागतात. पहिल्या पातळीचे पटकन झाले. तिसरीपाशी तो अडखळला. एक मंत्र लिहायचा, दुसऱ्याशी ताडायचा, खोडायचा. “कशाच्या तुलनेत?” असं तो आता स्वतःलाच विचारत होता. बाई म्हणाल्या, “तुझं ठरलं की सांग, आम्ही पुढे जातो.”

आम्ही पुढे गेलो. ड्रॅगन आला. पोरीनं त्याचं नाव घेतलं. बेरीज ३८, हवेत ४५, आणि फाशावर अकरा. ताईत मोजणीदारानंच सुचवलेला. जो उच्चार जखम भरून काढतो, तोच उलटा केला की जखम करतो, आणि ती उलटा करत होती. दुसऱ्या खेपेला दोन जास्त लागले, तेही पडले. मॅनेजर जागा राहिला. ड्रॅगन पडला तेव्हा साडेअकराला अजून अवकाश होता. बाईंनी फासे गोळा करून पिशवीत भरायला घेतले.

मोजणीदारानं वर पाहिलं. “मी तयार आहे. समोर कोण आहे?”

कुणी काही बोललं नाही. त्यानं वही ओढली, आजची तारीख घातली आणि विझार्डच्या रकान्यात लिहिलं: “निकाल अनिर्णित. संधी मिळाली नाही.” मग थोडा विचार करून ट्रूनेमरच्या रकान्यात एक प्रश्नचिन्ह काढलं, आणि पोरीला म्हणाला, “फासा बघू तुझा जरा. वजनाला सारखा आहे ना सगळीकडे?”