तीनशे ओहम आणि एक भाचा

मला केसरबाई नीट ऐकायच्या होत्या. मागणी एवढीच होती.

केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची एक भैरवी आहे. वडिलांकडे तिची तबकडी होती. ती घर बदलताना फुटली आणि आता ती भैरवी माझ्या मोबाइलमध्ये असते. मोबाइलच्या स्पीकरवर बाई पोह्यांच्या डब्यात बसून गायल्यासारख्या वाटतात. निवृत्तीचे पैसे नुकतेच खात्यात पडले होते आणि अजून बायकोच्या नजरेत पुरते भरले नव्हते. तेवढ्यात मी भाच्याला फोन केला आणि म्हटलं, "घरात बसून गाणं ऐकायला एक बरा हेडफोन सांग."

भाचा नोकरीपुरता संगणकात असतो, उरलेला वेळ हेडफोनमध्ये. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नाही म्हणून तो शनिवारी समक्ष आला. चहा घेण्याआधीच त्याने विचारलं, "मामा, ओपन-बॅक की क्लोज्ड?"

ओपन-बॅक म्हणजे कानावरच्या वाटीला मागून जाळी. आवाज आत कोंडत नाही, मोकळा लागतो. सेनहायझर या जर्मन कंपनीने १९६८ साली पिवळ्या स्पंजाचा एचडी ४१४ काढून ही जाळीची चाल सुरू केली. घरी बसून गंभीरपणे ऐकणारा माणूस हाच प्रकार घेतो, असं भाचा म्हणाला. अडचण एकच. जाळीतून आतला आवाज बाहेर जातो तसा बाहेरचाही आत येतो, म्हणून हा हेडफोन शांत खोलीत वापरायचा.

आमचं घर डोंबिवलीत, रुळांपासून चाळीस पावलांवर. स्लो लोकल गेली की टीव्हीवरचा माणूस नुसते ओठ हलवतो. फास्ट गेली की कपबशा बोलतात. मालगाडीला वेळापत्रक नाही, ती मनात येईल तेव्हा जाते. या भागात शांत खोली घ्यायची तर हेडफोनच्या पैशांत तिच्या दाराची कडीही यायची नाही. मी म्हटलं, "मग बंद पाठीचा घेऊ या की." पुरणपोळीबरोबर केचप मागितल्यासारखं भाच्याने माझ्याकडे पाहिलं. हा विषय पुन्हा निघाला नाही.

रात्रीपर्यंत निवड दोघांवर आली. पहिला जर्मन, २००३ पासून बाजारात असलेला एचडी ६५०. आत लहानसा पडदा आणि त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं, म्हणजे स्पीकरचाच धाकटा भाऊ. वजन २६० ग्रॅम. दुसरा प्लेनार जातीचा. त्यात चुंबकांच्या रांगेसमोर पातळ फिल्म ताणलेली असते आणि ती सगळीच्या सगळी हलते. बारकावे याच्यात जास्त, असं म्हणतात. चुंबकही जास्त, हे मान सांगते. या जातीतले काही मोठे हेडफोन अर्ध्या किलोच्या वर जातात. भाजीवाल्याने तेवढी वांगी दिली तर आपण पिशवी हात बदलून धरतो.

पहिल्याबद्दल जाणकारांत एक जुनी तक्रार आहे. त्याच्या आवाजावर पडदा आहे म्हणे, सगळं पडद्यामागून ऐकू येतं. दुसरा पडदा काढतो, पण मग 'स' बोचतो. म्हणजे चाळीस हजारांच्या आतबाहेर खर्च करून एक तर पडदा मिळणार किंवा काटा.

आणि तेवढ्यात भागत नाहीच. जर्मनाचा विद्युतरोध ३०० ओहम. मोबाइलला हे ओझं पेलत नाही, म्हणून वेगळा अ‍ॅम्प्लिफायर हवा. अ‍ॅम्प्लिफायरला स्वच्छ सिग्नल हवा, म्हणून मोबाइलमधल्या आकड्यांचा सिग्नल करणारा डॅक हवा. डॅकला चांगली वायर हवी. माझ्या मागणीत केसरबाई होत्या, त्यांची जागा बघता बघता एका शेल्फने घेतली. भाच्याचा आग्रह व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा होता. "आवाजाला ऊब येते, मामा." आमच्या वडिलांचा रेडिओ व्हॉल्व्हचाच होता. लावल्यावर मिनिटभर तापायचा, मग बोलायचा. त्या मिनिटाला कंटाळून आम्ही तो भंगारवाल्याला १२ रुपयांना दिला. आता तेच मिनिट वेगळे पैसे मोजून परत आणायचं होतं.

जेवताना भाचा वरच्या मजल्यावरच्या गोष्टी सांगत होता. जपानची स्टॅक्स कंपनी स्थिरविद्युतेवर चालणारे हेडफोन करते, त्यांच्या फिल्मला ५८० व्होल्टचा दाब लागतो. बायकोने भात वाढता वाढता विचारलं, "फ्रिजला किती लागतो?" मी म्हटलं, २३०. ती काही बोलली नाही, पण त्या संध्याकाळी तिने विम्याची फाइल जागेवर आहे का ते पाहिलं. सेनहायझरचा एचई १ तर त्याहून वरचा. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर करारा संगमरवराचा, बटण दाबलं की आतून व्हॉल्व्ह वर येतात, आणि बाजारात आला तेव्हा किंमत ५० हजार युरोंच्या घरात होती. संगमरवर, आतून हळूहळू वर येणारा प्रकाश, समोर डोळे मिटून बसलेला माणूस. याला आपल्याकडे देवघर म्हणतात आणि त्यात ऐकण्यापेक्षा ऐकवणंच जास्त चालतं.

रविवारी मुंबईत दुकानात गेलो. मी केसरबाई लावा म्हटलं, दुकानदाराने 'हॉटेल कॅलिफोर्निया' लावलं. ईगल्सचं १९९४ चं, प्रेक्षकांसमोर वाजवलेलं. हेडफोन बघायला गेलं की हेच लावतात, तशी रीतच आहे. त्यात सुरुवातीला ढोलाचे दमदार ठोके आहेत. ते पोटात पोचले की गिऱ्हाइकाचा हात खिशाकडे जातो. भाचा डोळे मिटून बोलू लागला. तळ घट्ट आहे. मधला भाग रसाळ आहे. वरून जरा कोरडा आहे. मे महिन्यात आमचे आंबेवाले याच शब्दांत बोलतात, पण ते निदान एक फोड कापून हातावर ठेवतात.

एक गोष्ट मात्र तिथे शिकलो, ती सांगून ठेवतो. दोन हेडफोन पाठोपाठ ऐकताना ज्याचा आवाज किंचित मोठा, तो चांगला वाटतो. फरक इतका लहान असतो की मोठा आवाज म्हणून तो कळतच नाही, 'जास्त स्पष्ट' म्हणून कळतो. दोन्हींचा आवाज मोजून सारखा केल्याशिवाय तुलना करणं म्हणजे एकाला तूप घालून आणि दुसऱ्याला कोरडं वाढून वरणभाताची स्पर्धा घेणं. दुकानात तुपाची वाटी कुणाच्या हातात असते, ते तुम्हीच ताडा. किमतीचंही तसंच. २०१७ साली येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २८३ हेडफोनांच्या मोजमापांचा अभ्यास करून सांगितलं की किंमत आणि कमीजास्त स्वरांना मिळणारा प्रतिसाद यांचा संबंध दिसत नाही. मी हे भाच्याला दाखवलं. "मामा, प्रतिसाद म्हणजे सगळं नव्हे," तो म्हणाला. तोपर्यंत तो दोन दिवस फक्त प्रतिसादाबद्दलच बोलत होता.

ठरेना, म्हणून दोन्ही घेतले. एक ठेवायचा, एक परत करायचा. परतीची मुदत सात दिवस.

इथे भाच्याने नवी अट काढली. हेडफोन नवा असताना खरा वाजत नाही. त्याला २०० तास वाजवत ठेवायचं, मग तो मुरतो. २०० तास म्हणजे आठ दिवस आणि आठ तास. हे गणित मला त्या वेळी सुचायला हवं होतं.

मुरवायला पिंक नॉइज लावतात. सगळ्या पट्ट्या एकदम वाजवल्याचा तो आवाज असतो, ऐकायला नुसता सूंऽऽ. जाळीच्या हेडफोनातून तो रात्रभर बाहेर येत राहिला, तेव्हा बायकोने उशी उचलून हॉल गाठला. दुसऱ्या दिवशी मी सगळा संच तिच्या साड्यांच्या कपाटात ठेवला, वर दुलई घातली, वायर फटीतून काढली आणि हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो.

अकराला कामाच्या मावशी आल्या. घरात कुणी नाही आणि कुठून तरी सूंऽऽ. त्यांनी आधी खिडक्या उघडल्या, मग गॅसचा रेग्युलेटर बंद केला. सूंऽऽ चालूच. त्यांनी शेजारच्या काकांना बोलावलं. काका निवृत्त मोटरमन, आयुष्यभर सिग्नल पाळलेला माणूस. त्यांनी चारी कोपऱ्यांत हुंगलं आणि जाहीर केलं, "वास येत नाही. म्हणजे जास्तच डेंजर." सोसायटीच्या सेक्रेटरींनी मजल्याची वीज घालवली नाही, कारण त्यांची मालिका चालू होती. मात्र सिलिंडर खाली नेऊन गेटपाशी उन्हात ठेवला आणि वॉचमनला त्याच्यावर नजर ठेवायला सांगितलं.

मी परतलो तेव्हा हयातीचा दाखला माझ्या हातात होता आणि माझा सिलिंडर गेटवर. वर हॉलमध्ये अकरा माणसं. मी काही न बोलता कपाट उघडलं. आत पैठणी आणि नारायणपेठ यांच्यामध्ये दुलई पांघरून हेडफोन बसला होता. शेजारी अ‍ॅम्पचा लाल दिवा जळत होता. बराच वेळ कुणी बोललं नाही.

"काय करतोय तो?" काकांनी विचारलं.

"मुरतोय."

"किती दिवस?"

"आठ."

मावशी म्हणाल्या, "मिरचीचं लोणचंसुद्धा चार दिवसांत मुरतं."

संध्याकाळी फलकावर सूचना लागली. 'सभासदांनी कपाटात आवाज ठेवू नये.' परतीची मुदत दुसऱ्या हेडफोनचीही त्याच आठवड्यात संपली. भाच्याला मी कळवलं. तो म्हणाला, "बघा, आता फरक ऐकू येईल."

फरक ऐकू येतो का हे पाहायला कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. त्यांनी आठ हजार हर्ट्झपर्यंत तपासणी केली आणि शेवटाकडे रेघ खाली घसरलेली दाखवली. साठीला हे चालायचंच, म्हणाले. मी म्हटलं, माझा हेडफोन ४० हजार हर्ट्झपर्यंत जातो. ते म्हणाले, तुम्ही जात नाही. २० हजारांच्या वर तरुण माणसालाही काही ऐकू येत नाही, तिथून पुढे वटवाघळांचा मुलूख. खालच्या टोकाचंही तेच. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मधला षड्ज साधारण १३९ हर्ट्झ. जर्मनाच्या डबीवर १० लिहिलंय. दहावर गाणारा गवई अजून जन्मायचा आहे.

जाता जाता डॉक्टरांनी सांगितलं की श्रवणयंत्र आत्ता लागणार नाही, पण विषय मनात असू द्या. घरी आल्यावर वाचलं की सेनहायझरचा हेडफोनचा धंदा २०२२ साली सोनोव्हा या स्विस कंपनीकडे गेला. सोनोव्हाचा मूळ धंदा श्रवणयंत्रांचा. गिऱ्हाईक हातातून जाऊ द्यायचं नाही, ते असं.

शेवटी एका दुपारी मालगाडी नाही असं पाहून केसरबाई लावल्या. भाचा समोर. त्याने आधी साउंडस्टेजची परीक्षा घ्यायची ठरवली. हेडफोनमध्ये वादक आपल्याभोवती जागच्या जागी बसलेले ऐकू यावेत, याला साउंडस्टेज म्हणतात. याचेच खरे पैसे असतात.

"मामा, डोळे मिटा. तबला कुठे आहे?"

"डोक्यात."

"सारंगी?"

"तीपण डोक्यात."

"आणि बाई?"

"डोक्यातच."

त्याने हेडफोन काढून घेऊन स्वतः ऐकला. मग मोबाइल पाहिला. दुधात पाणी सापडल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "मामा, हे मोनो आहे! दोन्ही कानांना एकच. यात साउंडस्टेज कशी येणार? तुम्ही रेकॉर्डिंग बदला."

आणि मी बदललं. खोटं कशाला बोलू? पुढचे पंधरा दिवस मी नॉर्वेतल्या कुणाची पियानोवादनं ऐकली, कारण त्यात खुर्ची करकरते ती डावीकडून. चर्चमध्ये गायलेली गाणी ऐकली, कारण चर्च मोठं होतं. हेडफोनला शोभेल असं गाणं हुडकत बसलो. बायकोने एकदा विचारलं, "आवडतंय का?" मी म्हटलं, "डिटेल आहे."

निकालही तिनेच लावला. एका दुपारी तिने दोन्ही हेडफोन पाच-पाच मिनिटं घालून पाहिले, पंखा चालू ठेवून, कुकरच्या शिट्ट्या मोजत. प्लेनारच्या गाद्या चामड्यासारख्या, जर्मनाच्या मखमली. "याने कानाला घाम येतो," प्लेनार खाली ठेवत ती म्हणाली. डोंबिवलीत ऑक्टोबर चालू होता. भाच्याच्या तीन आठवड्यांच्या अभ्यासात घाम हा शब्द आला नव्हता. प्लेनार भाच्याला देऊन टाकला. त्याला तो आधीपासूनच आवडत होता, हे आता आठवतं. मी जर्मन ठेवला. तुम्ही घेणार असाल तर माझं ऐका, दमट गावात आधी गादी बघा.

केसरबाई त्याच्यावर चांगल्या लागतात. आता तबकडीची खरखर स्वच्छ ऐकू येते, बाईंनी श्वास कुठे घेतला ते कळतं, आणि मधेच कर्जत फास्ट जाते. पडदा आहे की नाही, ते मला अजून समजलेलं नाही.

हीच भैरवी 'नासा'ने १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्यांवर घातली. दुसरं यान सुटलं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. तबकडीसोबत सुई आणि कार्ट्रिज पाठवलं आहे, आणि ती कशी वाजवायची याची आकृती वेष्टनावर कोरली आहे. हेडफोन पाठवलेला नाही.